एकच देव सांगणाऱ्यांची चरित्रे : कुठले साम्य साच्यातले, कुठले खरे?

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदाकाठाने फिरत नाशिक-त्र्यंबकाकडे आले. सिन्नर, नाशिक, त्र्यंबक, सुकेणे ही गावे 'लीळाचरित्र' या त्यांच्या चरित्रग्रंथातल्या भ्रमंतीत येतात. मौजे सुकेण्याचे दत्तमंदिर आजही त्यांच्या महानुभाव पंथाचे मोठे श्रद्धास्थान आहे. स्वामींच्या अष्टशताब्दीचे अखिल भारतीय महानुभाव संमेलनही ऑगस्ट २०२२मध्ये नाशिकलाच भरले. नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र. घाट, कुंड, देवळे, श्राद्धकर्मे यांवर इथले कित्येक संसार पिढ्यान् पिढ्या चालले. अशा मुलखात येऊन हा संन्यासी सांगत होता की देवता कितीही असोत, त्यांच्या भक्तीचे फळ त्यांच्या मर्यादेतलेच असते. मोक्ष देणारा परमेश्वर तेवढा एकच.

हे सांगणारे ते जगात पहिले नव्हते. मोशे, जरथुष्ट्र, येशू, महंमद, गुरू नानक यांनी आपापल्या काळात, आपापल्या भाषेत एकाच देवाची वाट दाखवली. या सगळ्यांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली की मन चक्रावते. संकटातला जन्म, एकांतवास, अचानक आलेली साद, पुजाऱ्यांचा आणि सत्तेचा रोष, देशांतर, मूठभर शिष्य, गूढ शेवट... जणू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. श्रद्धाळू माणूस त्यात ईश्वरी योजना पाहतो. संशयी माणूस म्हणतो, एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिले. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. कारण ही साम्ये एका जातीची नाहीत. काही भक्तांच्या लेखणीतून आली, तर काही 'देव एकच' या शिकवणीच्या पोटातूनच जन्मली. त्यांची निवड करायला लागणारा सर्वात चांगला पुरावा मराठीत आहे, आणि आपण तो पुरेसा वापरलेला नाही.

कोणाची तुलना कोणाशी?

आधी एक सावधगिरी. या महापुरुषांचे त्यांच्या अनुयायांच्या मनातले स्थान एकसारखे नाही. मोशे आणि महंमद हे देवाचे प्रेषित. त्यांना देव मानणे हे त्या धर्मांत पापच. जरथुष्ट्र अहुर मज्दाचा संदेश सांगणारा. नानक गुरू. येशू मात्र ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा पुत्र. महानुभावांच्या दृष्टीने चक्रधर हे संदेशवाहक नव्हेत, साक्षात परमेश्वराचे अवतार आहेत. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राउळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे ते पंचकृष्ण. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे, नित्य, आणि देवतांपेक्षा परमेश्वर सर्वस्वी निराळा, ही या पंथाची बैठक आहे. म्हणजे हा एकेश्वरवाद अवतार मानणारा आहे. इस्लामपेक्षा या एका बाबतीत तो ख्रिस्ती श्रद्धेला जवळचा.

ही तुलना आपल्याकडे नवीही नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर ते कित्येक वर्षे धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होते. १९५०मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांना एका रांगेत ठेवले आणि एकच प्रश्न लावून धरला : स्वतःबद्दल कोणाचा दावा काय? पुत्र, प्रेषित आणि खुद्द देव असे दावे तिघांकडे त्यांना दिसले. बुद्धाने मात्र स्वतःला वाट दाखवणाऱ्यापलीकडे काही म्हटले नाही, हे त्यांना मोलाचे वाटले. बुद्धाचा धम्म ईश्वरावर उभा नाही, म्हणून तो या लेखाच्या कक्षेबाहेर राहतो. पण वेगळेपण नीट टिपल्याशिवाय साम्याला अर्थ येत नाही, ही शिस्त बाबासाहेबांच्या त्या लेखातून घेण्यासारखी आहे.

जन्म आणि शेवट

सुरुवात जन्मकथांपासून करू. फारो इस्राएली मुलगे मारायला सांगतो आणि मोशेची आई बाळाला टोपलीत घालून नदीच्या लव्हाळ्यात ठेवते. हेरोद बेथलेहेमातली बाळे मारतो आणि येशूला घेऊन आईवडील मिसरात पळतात. जरथुष्ट्राच्या उत्तरकालीन पहलवी चरित्रांतही बाळाला मारण्याचे प्रयत्न आहेत. मराठी वाचकाला कंस, यमुनेपार नेलेला कृष्ण आणि पेटीत घालून नदीत सोडलेला कर्ण लगेच आठवतात. मोशेच्या फार आधीच्या काळातल्या अक्कडच्या सारगोन राजाचीही टोपलीतच नदीत सोडल्याची कथा आहे.

इथे साचा उघड दिसतो. ऑटो रँक यांनी १९०९मध्ये आणि लॉर्ड रॅग्लन यांनी १९३६मध्ये असे साचे मांडले. रॅग्लन यांनी वीरपुरुषाच्या चरित्राचे बावीस टप्पे दिले, आणि मोशे त्यांतल्या बहुतेकांत बसतो. पण त्याच टप्प्यांत ईडिपस, थीसियस आणि राजा आर्थरही बसतात. त्यांनी कुठलाही धर्म स्थापला नाही. तेव्हा जन्मकथेचे हे साम्य एकेश्वरवादाचे नाही, ते लोककथेचे आहे.

शेवटाचेही तसेच. मोशे नबो डोंगरावरून वचनभूमी पाहतो, तिथेच त्याला मरण येते, आणि त्याची कबर कोणाला ठाऊक नाही असे 'अनुवाद' ग्रंथ सांगतो. येशूची कबर तिसऱ्या दिवशी रिकामी सापडते. नानकांच्या देहावरची चादर उचलल्यावर खाली फक्त फुले मिळाली, असे शीख परंपरा सांगते. चक्रधर १२७४च्या सुमारास 'उत्तरापंथे' निघून गेले अशी महानुभावांची श्रद्धा आहे. त्यांची समाधी कुठेच नाही. त्यांच्या छळाची आणि शिरच्छेदाची हकीकत काही पाठांत येते, आणि तिच्यावर अभ्यासकांत वाद आहे. या मालिकेत महंमद मात्र वेगळे उभे राहतात. ते ६३२मध्ये मदिनेत आजारपणाने वारले, राहत्या घरीच त्यांचे दफन झाले, आणि त्यांना मरण येणार नाही असे मानू लागलेल्यांना अबू बक्र यांनी जागेवरच थांबवले. ज्या गुरूचा वियोग सोसवत नाही, त्याचा शेवट भक्तांचे मन मोकळा ठेवते. त्या ओढीबद्दल मला आदर आहे. पण इतिहासाचा पुरावा म्हणून ती पुरत नाही.

साद आणि एकांत

यापुढे मामला गुंतागुंतीचा होतो. जरथुष्ट्राला परंपरेप्रमाणे तिसाव्या वर्षी नदीकाठी दर्शन झाले. येशू तिशीच्या सुमारास यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो आणि चाळीस दिवस रानात राहतो. महंमद चाळिशीत, ६१० साली, हिरा गुहेत एकटे असताना पहिला ईश्वरी संदेश उतरतो. नानक सुलतानपूरला मोदीखान्यात हिशेब ठेवत; तिशीच्या सुमारास ते बेई नदीत उतरले आणि तीन दिवसांनी वर आले, अशी जनमसाखीतली, म्हणजे त्यांच्या पारंपरिक चरित्रातली, कथा आहे.

चक्रधरांच्या चरित्रात ही घटना नदीवर घडत नाही, गुहेतही नाही. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात बुडालेला होता. कर्ज झाले, घरात पत्नी कमलाइसेशी खटके उडाले, आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो निघाला. वाटेत आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले. लोक त्यांना वेडे राउळ समजत. भेट झाली भर बाजारात. गोविंदप्रभूंनी दुकानातून शेंगुळे घेतले, थोडे खाल्ले आणि उरलेला प्रसाद हरिपाळाला दिला. त्या उष्ट्या घासाबरोबर त्याला शक्ती मिळाली आणि चक्रधर हे नावही. त्यानंतर सातपुड्यात, साळबर्डीच्या परिसरात, त्यांनी बारा वर्षे एकांतात काढली असे परंपरा मानते.

बारा, चाळीस, तीन हे आकडे साच्यातले असू शकतात. जुगारी मुलगा, कर्ज आणि बाजारातले शेंगुळे मात्र साच्यातले नाहीत. ज्याला परमेश्वराचा अवतार मानायचे त्याच्या पूर्वायुष्यात कुठला भक्त आपणहून जुगार घालील? महानुभाव तत्त्वज्ञान याचा मेळ घालते : हरिपाळ वारला होता, आणि द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी त्या देहाचा स्वीकार केला. पण तपशील पुसला नाही, हे महत्त्वाचे. येशूच्या चरित्राचे अभ्यासकही हीच कसोटी वापरतात. जे सांगताना शिष्यांनाच अवघड वाटले असेल, ते खरे असण्याची शक्यता अधिक. येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, पेत्राने त्याला नाकारले, ही त्यातलीच उदाहरणे.

रोष का ओढवतो?

आता या चरित्रांचा गाभा पाहू. मक्केत काबा हे अनेक टोळ्यांच्या देवतांचे स्थान होते. यात्रेवर व्यापार होता, व्यापारावर कुरैशांची पत होती. महंमदांनी 'देव एकच' म्हटले तेव्हा त्या सगळ्या व्यवस्थेलाच धक्का बसला. छळ झाला, बहिष्कार पडला, आणि ६२२मध्ये त्यांना मदिनेला जावे लागले. येशूने यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग उलथले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो क्रुसावर गेला. जरथुष्ट्राच्या गाथांत यज्ञ करणाऱ्या पुरोहितांविरुद्धचा संताप आणि निराधार झाल्याची वेदना आहे. पुढे राजा विश्तास्पाने आश्रय दिला तेव्हा त्याचा धर्म रुजला.

देवगिरीच्या यादवांच्या राज्यातले चित्र याच्याशी ताडून पाहावे. महादेव आणि रामदेव यांच्या काळात हेमाद्री हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्यकारभारातला बडा अधिकारी. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. व्रते, दाने, श्राद्धे, कुठल्या तिथीला काय करायचे, कोणाला काय द्यायचे, याचा तो कोशच. त्याच्या नावाने ओळखली जाणारी हेमाडपंती बांधणी नाशिककरांनी सिन्नरच्या गोंदेश्वरात पाहिलेली आहे. एकीकडे हे व्रतांचे आणि देवळांचे वैभव. दुसरीकडे त्याच राज्यात एक संन्यासी शिकवतो की व्रतांनी मिळते ते देवतांचे मर्यादित फळ, मोक्ष नव्हे. तो मातंगाघरचे अन्न त्याज्य मानत नाही, बायकांना आणि शूद्रांना संन्यास देतो, आणि विटाळ म्हणजे शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव, असे शिष्येला समजावतो. महानुभाव परंपरेत छळाचा ठपका हेमाद्री आणि त्याच्या भोवतालच्या पंडितांवर आहे. एका व्यक्तीवर किती दोष टाकायचा यावर वाद घालता येईल. संघर्ष मात्र अटळ होता, यावर वादाला जागा नाही.

म्हणून छळ आणि देशांतर हे साम्य मला साच्यातले वाटत नाही. जिथे पुष्कळ देवतांभोवती पूजा, दक्षिणा आणि प्रतिष्ठा यांचे जाळे विणलेले असते, तिथे 'एकच' हा शब्द उच्चारताच ते उसवू लागते. मग ज्यांचे त्यावर चालते ते उठणारच. मक्का असो, यरुशलेम असो की देवगिरी, कारण एकच असल्यामुळे परिणामही एकच झाला. कोणी कोणाचे पाहून लिहायची गरज नव्हती.

बायका आणि बोलीभाषा

दुसरे असे साम्य पहिल्या अनुयायांचे. महंमदांवर पहिला विश्वास खदीजांनी ठेवला. रिकाम्या कबरेची पहिली साक्ष मग्दालिया मरीयेसह इतर स्त्रियांची. नानकांना आधी ओळखले ते बहीण बेबे नानकी यांनी. चक्रधरांच्या भोवती तर बाइसा, महदाइसा, अशा कितीतरी जणी आहेत. महदाइसा नुसती सेवा करणारी नव्हे. ती प्रश्न विचारते, अडवते, पुन्हा विचारते. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचा मान राखतो, पण जगातल्या कुठल्याही धर्मसंस्थापकाच्या चरित्रात एका जिज्ञासू स्त्रीचे इतके प्रश्न नोंदलेले क्वचितच सापडतील.

याला भाषेची जोड आहे. येशू अरामीत बोलला, कुराण अरबीत उतरले, नानकांची वाणी पंजाबी मुलखाच्या बोलीत आहे. चक्रधर गुजरातेतून आलेले, तरी उपदेश मराठीत. पुढे, त्यांच्यामागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी शिष्यांचा संस्कृतचा आग्रह मोडला, कारण संस्कृतामुळे पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बायका वंचित राहिल्या असत्या. देव एकच आणि सर्वांचा, असे एकदा म्हटले की त्याच्याकडे जायची वाट मूठभरांच्या भाषेत ठेवता येत नाही. हेही साम्य शिकवणीतून आलेले.

दृष्टांताची पद्धतही त्यातलीच. येशूचे दाखले आणि केशोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'तले चक्रधरांचे दृष्टांत, दोन्हींत रोजच्या जगण्यातली माणसे येतात. कृतीतून दिलेले दृष्टांतही आहेत. शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन दडला. पारधी आले, ससा आमचा म्हणाले. स्वामींनी तो दिला नाही. शरण आलेल्याला मारू नये हे त्यांना समजावले. अहिंसेवर लांबलचक प्रवचन देण्याची गरजच उरली नाही.

आठवणींतून ग्रंथ

मराठी पुराव्याचे खरे बळ पुढे आहे. येशूने काही लिहिले नाही. शुभवर्तमाने काही दशकांनी लिहिली गेली. कुराण अबू बक्र आणि उस्मान यांच्या काळात ग्रंथरूपाने बांधले गेले. महंमदांचे सविस्तर चरित्र, म्हणजे सीरा, मात्र इब्न इसहाकने आठव्या शतकात लिहिले. नानकांनी पदे स्वतः रचली, पण जनमसाख्या नंतरच्या.

चक्रधर गेल्यावर काही वर्षांतच म्हाइंभटाने काम हाती घेतले. हा मूळचा वादपटू पंडित, स्वामींशी वाद घालायला आलेला आणि शिष्य झालेला. नागदेवाचार्यांच्या अनुमतीने त्याने ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि त्या आचार्यांकडून तपासून घेतल्या. स्वामी कुठल्या गावी, कुठल्या देवळाच्या कुठल्या भागात बसले, काय खाल्ले, कोणाला काय म्हणाले, हे सारे गद्य मराठीत. पुढे मुनी व्यासांनी 'स्थानपोथी'त स्वामींच्या वास्तव्याच्या जागा नोंदवल्या. म्हणूनच महानुभाव यात्रेकरू आजही नेमक्या त्या ओट्यावर माथा टेकवतो.

मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे पंथ सांगतो. त्यामुळे पाठ वेगवेगळे झाले. पण ते लपवले गेले नाहीत. एकच प्रसंग हिराइसेच्या पाठात असा, दुसऱ्याच्या पाठात तसा, हे पोथीतच 'वासना' म्हणून लिहिलेले असते. इस्लामी परंपरेत हदीस कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी देतात. त्याच प्रामाणिकपणाची ही मराठी रीत. सांकेतिक लिप्यांत बंद असलेल्या या पोथ्या विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्यांमुळे बाहेर आल्या. १९७८मध्ये वि. भि. कोलते यांनी संपादलेले 'लीळाचरित्र' राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद केला. तरीही धर्मसंस्थापकांच्या तौलनिक चर्चेत मोशे, येशू, महंमद येतात. चक्रधर क्वचितच येतात.

फुल्यांची कसोटी

माझ्या म्हणण्याची कसोटी लागते ती एकोणिसाव्या शतकात. जोतीराव फुल्यांनी 'निर्मिक' हा एकच देव मानला, २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला, आणि पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१मध्ये प्रसिद्ध झाले. महंमदांवर 'मानव महंमद' ही कविता लिहिणारा हा माणूस एकेश्वरी धर्माचा संस्थापकच म्हणायचा. त्यांचा काळ छापखान्याचा, वर्तमानपत्रांचा आणि सरकारी दप्तरांचा.

त्यांच्या चरित्रात काय आहे आणि काय नाही ते पाहा. टोपलीतले बाळ नाही. नाहीसा झालेला देह नाही. पण मधले सगळे आहे. वडिलांचे घर सोडावे लागले. पहिली सहप्रवासी घरातलीच, सावित्रीबाई. भाषा शेतकऱ्याची मराठी. रोष पुरोहितवर्गाचा. त्यांना मारायला आलेले मारेकरी त्यांचेच झाले, अशी हकीकत आहे. महंमदांना मारायला निघालेले उमर जसे मुसलमान झाले. जन्म आणि शेवट यांचे साम्य छापखान्याच्या काळात गळून पडते, मधले मात्र टिकते. म्हणजे मधले साम्य कोणा भक्ताने रचलेले नव्हते.

उत्तराधिकाराचा पेचही असाच खरा. नानकांनी मुलांना बाजूला ठेवून अंगदांना गादी दिली. महंमदांनंतर वारस कोण या प्रश्नावर सुन्नी-शिया फाटा पडला. चक्रधरांनंतर नागदेवाचार्यांनी पंथ एकत्र ठेवला, पुढे त्याचे तेरा-चौदा आम्नाय, म्हणजे उपपंथ, झाले. गुरूची व्यक्तिगत ओढ संस्थेत बदलताना ही ओढाताण होतेच. माक्स वेबर यांनी यावर विस्ताराने लिहिले आहे.

साम्य घेऊन काय करायचे?

नाशिक जिल्ह्यात या सगळ्या चरित्रांचे वारसदार शेजारी राहतात. शरणपूरची ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकातली. मालेगाव मुसलमानांचे मोठे केंद्र. देवळालीत पारशी आहेत, शहरात गुरुद्वारा आहे, सुकेण्यात दंडवत प्रणाम घालणारे महानुभाव आहेत. प्रत्येकाला आपल्या महापुरुषाची जन्मकथा आणि शेवटची कथा तोंडपाठ असते, आणि भांडणेही बहुधा त्यांवरूनच होतात. कोणाचा चमत्कार खरा, कोण शेवटचा, कोण मोठा, हे प्रश्न त्या दोन टोकांचे आहेत.

चरित्रांच्या मधल्या भागात मात्र भांडायला फारसे काही सापडत नाही. तिथे सगळेच घर सोडताना दिसतात, दुबळ्याच्या बाजूने उभे राहतात, बाईचे ऐकतात, लोकांच्या भाषेत बोलतात आणि देवाच्या नावाने चाललेल्या कमाईला हात घालून रोष ओढवतात. 'सार्वजनिक सत्यधर्मा'त फुल्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे, ज्यात बायको, नवरा, मुलगी, मुलगा आपापल्या पसंतीचा वेगळा धर्म पाळतात आणि तरी प्रेमाने एकत्र नांदतात. हे नांदणे शक्य व्हायचे तर प्रत्येकाने दुसऱ्याच्या महापुरुषाचे चरित्र वाचायला हवे, आणि ते मधून वाचायला हवे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. 'लीळाचरित्र' शुभवर्तमाने, सीरा आणि जनमसाख्या यांच्या शेजारी ठेवून शिकवण्याची योग्य जागा तीच. जगाला या प्रश्नावर देण्यासारखे मराठीकडे जे आहे ते साडेसातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटाने गोळा करून ठेवले आहे; ते नीट अभ्यासून पुढे मांडणे हे आपल्या पिढीचे काम आहे.